घाट फोडणाऱ्यांचे शिक्षण

पुण्याहून मुंबईस जाणारी गाडी खंडाळा सोडून उतरणीला लागली की डब्यातली माणसे खिडक्यांकडे सरकू लागतात. पावसाळा असला तर विचारायलाच नको. बोगद्यातला अंधार सरतो न सरतो तोच शेजारी दरी उघडते, कड्यांवरून पाणी कोसळत असते, मुले आरडाओरड करतात आणि मोठी माणसे मुलांना सांभाळण्याचे निमित्त करून स्वतःच माना उंच करतात. हा घाट आम्ही किती वेळा चढलो-उतरलो असू ह्याची गणती नाही. परंतु त्या उभ्या कातळात पहिला सुरुंग घेण्यासाठी भोक पाडणारा माणूस कशावर उभा होता, हा प्रश्न आमच्या मनात फार उशिरा आला. पुष्कळ ठिकाणी तो कशावरच उभा नव्हता. वरच्या कड्यावरून दोर सोडून त्याला खाली लोंबकळत ठेवलेले असे, आणि तशा स्थितीत तो पहार चालवीत असे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या मानाने बोरघाटाच्या तारखा कोणी पाठ करीत नाही. घाटाचे काम २४ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैलांत गाडीला १,८३१ फूट वर चढायचे होते. त्यासाठी पंचवीस बोगदे पाडावे लागले. जेम्स बर्कली हे ह्या कामाचे मुख्य इंजिनियर. हे सगळे खोदकाम साध्या सुरुंगाच्या दारूने झाले, कारण डायनामाइटचे पेटंट नोबेलने घेतले तेच मुळी १८६७ साली. १८६१ मध्ये ह्या एका घाटावर बेचाळीस हजार माणसे राबत होती. त्या काळच्या एखाद्या मध्यम शहराची वस्ती डोंगराच्या अंगावर पसरली होती म्हणा ना! त्यांत वडार होते, बेलदार होते, पाथरवट होते. आणि सुगी आटोपल्यावर चार पैसे मिळतील म्हणून आलेली, आयुष्यात कधी सुरुंग न पाहिलेली कुणबी माणसेही होती. नवरा फोडी, बायको पाट्या वाही.

आता ह्या लोकांना कामातला धोका कोण शिकवीत होते? वडाराच्या पोराला ते बापाकडून मिळे. दगडाला घण कोठे घालावा, शिळा कोणत्या अंगाने निसटते, बार भरल्यावर किती लांब पळावे, आणि वाजला नाही म्हणून लगेच बघायला का जाऊ नये, ही विद्या त्या जातीत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. तिला पुस्तक नव्हते. पण ती विद्या नव्हती असे म्हणण्याचे धाडस फक्त पुस्तकवालेच करतील. अडचण होती ती नव्याने आलेल्या कुणब्याची. त्याला मुकादमाने आणलेले असे. माणसे भरणे एवढेच मुकादमाचे काम, ती शिकवणे त्याच्या कामात धरलेले नव्हते. वर पुष्कळ काम उक्ते. जितकी ब्रास माती निघेल तितका दाम. अशा हिशेबात शेजारच्याला दोन गोष्टी समजावून सांगायला थांबणारा कसबी मजूर स्वतःचीच मजुरी कापून घेत असतो.

ही साखळी वरपर्यंत तशीच होती. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्या पेढीतले विल्यम फॅव्हिएल ह्यांनी घाटाचे कंत्राट घेतले, त्यांनी ते पोटकंत्राटदारांत वाटले, त्यांनी पुढे मुकादमांत. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर बिथरले, दंगा झाला, गोऱ्या अंमलदारांवर हल्ले झाले. सरकारी चौकशीत मजुरांची तक्रार खरी ठरली. फॅव्हिएल ह्यांनी त्याच वर्षी कंत्राट सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल ह्यांनी ते काम पुढे चालवून तडीस नेले. ह्या बाईंची गोष्ट अलीकडे कौतुकाने सांगितली जाते आणि ते कौतुक रास्तच आहे. दंग्यातून एक कायदाही निघाला, १८६० चा नववा कायदा. रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावे, अशी सोय त्यात होती. आणि काम अर्धे टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याचीही सोय होती. मजुरी बुडाली तर काय, काम बुडाले तर काय, ह्या दोन्हींचा विचार ह्या कायद्यात झाला. दोर तुटला तर काय, हा विषय त्यात आला नाही.

कोणी म्हणेल, काळच तसा होता. सुरक्षितता, प्रशिक्षण ह्या कल्पना पुढच्या, त्या जुन्या लोकांवर कशाला लादता? हा आक्षेप आम्हीही पुष्कळ दिवस खरा मानीत होतो. तो खरा नाही. घाटाला पहिली कुदळ लागण्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, १८४६ साली, खुद्द लंडनच्या पार्लमेंटच्या एका समितीपुढे हा सगळा विषय उलगडून ठेवला गेला होता. त्याची हकीकत जरा विस्ताराने सांगतो, कारण बोरघाटाचा अर्थ आम्हाला तिच्यातून लागला.

मँचेस्टर आणि शेफील्ड ह्यांच्यामध्ये पेनाइन डोंगराची रांग आहे. तिच्याखालून वुडहेड नावाचा तीन मैलांचा बोगदा १८३९ ते १८४५ ह्या काळात खणला गेला. उजाड माळ, बारमाही पाऊस, मजुरांना राहायला दगडावर दगड रचून केलेल्या झोपड्या. ह्या कामात बत्तीस माणसे मेली, आणि जायबंदी झालेल्यांची संख्या त्याच्या कित्येक पट होती. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन आणि सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीतले एडविन चॅडविक ह्यांनी हे आकडे जमवून जगापुढे मांडले. चॅडविक हिशेबाला पक्के. त्यांनी दाखवून दिले की बोगद्यावरच्या माणसांपैकी शेकडा सुमारे तीन मेली, आणि वॉटर्लूच्या लढाईत मेलेल्या ब्रिटिश शिपायांचे प्रमाण ह्याहून कमी होते. एका बोगद्यापायी लढाईहून जास्त! इंग्लंडातल्या सुखवस्तू वाचकाला दचकवायला एवढे पुरेसे होते.

आता ती माणसे मेली कशी, हे पाहण्यासारखे आहे. खडकात भोक पाडून दारू भरायची. तिच्यावर माती किंवा दगडाचा भुगा घालून ठासायचे, म्हणजे स्फोटाचा जोर बाहेर न निसटता खडकावर बसतो. ठासण्यासाठी जी कांब लागते ती लोखंडाची असली तर खडकावर घासून ठिणगी पडते आणि बार हातातच उडतो. तांब्याची कांब वापरली तर ठिणगी पडत नाही. हे तेव्हा सर्वांना माहीत होते. पण तांबे मऊ, कांब लवकर झिजते, वाकते, आणि लोखंडाहून महाग. वुडहेडला कांबी लोखंडाच्या होत्या. एक मजूर बार ठाशीत होता, दुसरा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. बार उडाला आणि ती कांब पाहणाऱ्याच्या डोक्यातून आरपार गेली. शिकण्याची इच्छा म्हणतात ती ह्याहून वेगळी नसावी.

वातीचीही तीच कथा. पूर्वी गवताच्या पोकळ काडीत किंवा पिसाच्या नळीत दारू भरून वात करीत. ती कधी झरकन जळे, कधी रेंगाळे. विल्यम बिकफर्ड नावाच्या कॉर्नवॉलच्या गृहस्थांनी १८३१ साली सुतात दारू गुंडाळून, वर डांबर फासून एक सुरक्षित वात काढली. ती ठरावीक वेगाने जळते, त्यामुळे पळायला किती वेळ आहे हे मजुराला अगोदर कळते. समितीपुढे वुडहेडचे एक इंजिनियर वेलिंग्टन पर्डन साक्षीला आले असता त्यांना ह्या वातीबद्दल विचारले गेले. ती अधिक सुरक्षित आहे काय? असेल कदाचित, असे ते म्हणाले. परंतु तिच्यापायी वेळ फार मोडतो, आणि त्यामुळे जे काही थोडे जीव जास्त वाचतील त्यांच्याकरिता एवढा वेळ दवडावा अशी शिफारस आपण करणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

ह्या साक्षीबद्दल आम्हाला पर्डन ह्यांचा राग येत नाही. उलट एक प्रकारे त्यांचे आभार मानावेसे वाटतात. इतके खरे बोलणारा साक्षीदार विरळा. मजूर अडाणी आहेत, दारू पितात, सांगितलेले ऐकत नाहीत, असे सांगून त्यांना सहज सुटता आले असते, आणि दुसऱ्या अनेकांनी तेच सांगितले. पर्डन ह्यांनी मात्र जिवाची अदलाबदल कशाशी होते ते नेमके सांगून टाकले: वेळेशी. मजुराला शिकवायचे तर वेळ लागतो, सावकाश जळणाऱ्या वातीला वेळ लागतो, खोदलेल्या मातीला उतार द्यायचा, धिरे लावायचे, परांचीची गाठ पुन्हा तपासायची, ह्या प्रत्येकाला वेळ लागतो. तो वेळ कोणाच्या खात्यावर मांडायचा, हा बांधकामावरच्या सुरक्षिततेचा सारा इतिहास आहे. समितीने आपला अहवाल दिला. अपघाताची जबाबदारी कंपन्यांवर टाकावी अशी शिफारस केली. पार्लमेंटने तो अहवाल बासनात बांधून ठेवला. दहा वर्षांनी तशीच कंत्राटे, तशीच पोटकंत्राटे आणि तोच उक्त्याचा हिशेब घेऊन आगबोटी मुंबईच्या बंदराला लागल्या.

पुढे वेळेचे हे खाते बदलले ते उपदेशाने नव्हे. मरणाची किंमत ठरली तेव्हा ते बदलू लागले. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला, इंग्लंडात १८९७ साली नुकसानभरपाईचा. ह्या इंग्रजी कायद्यात इमारतीच्या मजुराला जागा मिळाली, पण कशी? इमारत तीस फुटांहून उंच असली पाहिजे, आणि तिला परांची बांधलेली पाहिजे किंवा तेथे यंत्र चालत असले पाहिजे. एकोणतीस फुटांच्या भिंतीवरून पडणाऱ्याने काय करावे? पडण्यापूर्वी टेप लावून घ्यावी, एवढेच आम्हाला सुचते. तरीही त्या कायद्याने मालकाला प्रथमच असे वाटायला लावले की माणूस शिकवून ठेवणे हे पडलेल्या माणसाचे पैसे भरण्यापेक्षा स्वस्त पडेल. आपल्याकडे तसा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

अमेरिकेत कोलोराडो नदीवर १९३१ साली जे प्रचंड धरण सुरू झाले, जे पुढे हूवर धरण म्हणून प्रसिद्ध झाले, तेथे आम्हाला बोरघाटचा माणूस पुन्हा भेटतो. तोच उभा कडा, तोच दोर, तेच लोंबकळणे. सैल झालेले खडक पाडण्यासाठी माणसे दोरावर खाली सोडली जात, आणि वरून सुटलेले दगड-धोंडे डोक्यात बसून माणसे दगावत. तेव्हा ह्या मजुरांनी स्वतःच एक युक्ती काढली. कापडी टोप्यांना डांबराचे थर चढवून त्या कडक करायच्या. त्या टोपीवर दगड आदळून जबडा मोडलेली, पण कवटी शाबूत राहिलेली माणसे दिसू लागली, तेव्हा कंत्राटदार कंपनीने कारखान्यातून तशा टोप्या मागवल्या. आज कोठल्याही बांधकामावर पिवळे शिरस्त्राण दिसते आणि ते साहेबाने मजुराला दिले अशी आपली समजूत असते. त्या धरणावर तरी ते मजुराने साहेबाला दिले.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ह्याच सुमाराचा, १९३३ ते १९३७. दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस जायचाच, असा त्या धंद्यात आडाखा होता, आणि हा पूल साडेतीन कोटींचा. मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्रॉस ह्यांनी पुलाखाली सबंध लांबी-रुंदीला दोरखंडाचे जाळे बांधले. खर्च एक लाख तीस हजार डॉलर. शिरस्त्राण सक्तीचे केले आणि उंचीवर कसरती करून दाखवणाऱ्याला कामावरून काढण्याचा नियम केला. जाळ्यात पडून एकोणीस माणसे वाचली. मौज अशी की खाली जाळे आहे ह्या भरवशावर वरची माणसे अधिक चलाखीने काम करू लागली. पर्डन ह्यांचा हिशेब शंभर वर्षांच्या आत असा उलटला. तरी जाळे म्हणजे देव नव्हे. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कामाचा एक मचाण निखळून जाळ्यावर कोसळला, जाळे फाटले आणि दहा माणसे समुद्रात गेली. त्यापूर्वी त्या पुलावर केवळ एक मृत्यू झाला होता.

त्याच १९३७ साली जिनेव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने इमारतीच्या कामावरील सुरक्षिततेचा करार केला आणि त्याच्या जोडीला शिफारशी केल्या. त्यांतली एक बांधकाम मजुरांच्या धंदेशिक्षणाविषयी होती.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, १९५२ साली खाणींचा. दोन्ही चांगले, दोन्हींत सुरक्षिततेची कलमे तपशीलवार. परंतु ज्या मजुरांनी ते कारखाने बांधले तो मजूर कारखान्यात गणला जात नाही. भोंगा वाजायच्या आधीच तो पुढच्या कामावर गेलेला असतो. त्याची जागा हलते, मालक हलतो, हजेरीपटावरचे नावही हलते. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. पुढे तो दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळू लागले, भित्तिपत्रके लागू लागली. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा मात्र १९९६ साली आला, म्हणजे कारखान्याच्या मजुराच्या मागून अठ्ठेचाळीस वर्षांनी. ह्या कायद्याने पाचशे वा अधिक मजुरांच्या कामावर सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक केले. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून मजुरांच्या कल्याणाचा निधी उभा केला. महाराष्ट्राचे नियम २००७ साली झाले. निधी जमला, पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला देशभरातल्या न खर्चलेल्या रकमेबद्दल सरकारांची कानउघाडणी करावी लागली. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला. पाचशेचा आकडा आम्हाला नेहमी त्या तीस फुटांची आठवण करून देतो. आपल्या गल्लीत चार मजले चढवणाऱ्या बिल्डरकडे एका वेळी तीस-चाळीस माणसे असतात. आणि माणसे पडतात ती पुष्कळशी अशाच कामांवरून.

वर्तमानपत्रांत ह्या पडण्याचे एक ठरलेले वाक्य असते. मजूर तोल जाऊन खाली पडला. आम्ही हे वाक्य इतक्या वेळा वाचले आहे की ते वाचताना डोळा थांबतसुद्धा नाही. ह्या वाक्यात कठडा नाही, दोर नाही, फळीची रुंदी नाही, किती तास काम झाले होते ते नाही. तोल त्याचा आणि गेलाही त्याचाच. मराठीत कर्ता लपवण्याच्या ज्या खुब्या आहेत त्यांत ही फार जुनी असावी. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्यास मजुरांच्या झोपड्यांवर भिंत कोसळली आणि पंधरा जीव गेले, त्यांत मुलेही होती. झोपेत असणाऱ्यांचा तोल गेला असे म्हणण्याची सोय तेथे नव्हती. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळई बसवणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली. थळघाट तेथून लांब नाही, आणि त्या घाटातही दीडशे वर्षांपूर्वी अशीच परमुलखातली माणसे राबली होती.

प्रशिक्षण म्हणजे काय, ह्याविषयी आमच्या मनात पूर्वी एक चित्र होते: फळा, खडू, समोर मांडी घालून बसलेले मजूर. ते चित्र गेल्या वर्षी मोडले. पुण्याच्या वेशीबाहेर एका मोठ्या इमारतीचे काम पाहण्यास आम्ही गेलो होतो. सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र उभे करून सुरक्षा अधिकारी सूचना देतात, तशी तेथे पद्धत होती. अधिकारी तरुण, उत्साही. हातात कागद, भाषा हिंदी. समोरची निम्मी माणसे कलबुर्गीकडची, त्यांना हिंदी कामापुरती येई. पट्टा कसा बांधावा, आकडा कोठे अडकवावा, हे त्यांनी सांगितले आणि माणसे माना डोलावीत राहिली. मग मागे उभा असलेला एक पिकल्या मिशांचा गवंडी न विचारताच पुढे आला व कानडीत बोलू लागला. बोलता बोलता त्याने बाजूला पडलेली एक लाकडी फळी उचलली, दोन विटांवर आडवी ठेवली आणि थापीच्या दांड्याने तिच्यावर ठोकले. खणखणीत आवाज आला. दुसरी फळी घेतली. तिचा आवाज बद्द आला. ती त्याने पायाने बाजूला ढकलली. घोळक्यातली तीन-चार पोरे पुढे सरकली आणि स्वतः ठोकून पाहू लागली. अधिकाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, कंत्राटदाराच्या माणसाकडे पाहिले, आणि हातातला कागद घडी करून खिशात घातला. दहाची वीस मिनिटे झाली होती; पोरे अजून फळ्या वाजवीत होती.